शनिवारचा लाल दिवा

१. काडीला तेल होतं

शनिवारी सकाळी फियाटच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि आमच्या काकांनी, म्हणजे आप्पासोंनी, ड्रायव्हरला चोर ठरवलं. या दोन घटनांच्या मधल्या वेळात बनुआत्तीला गाडीतून उतरून पदरसुद्धा सावरता आला नव्हता.

बनुआत्ती ही आप्पासोंची थोरली बहीण. पहिल्या एस्टीनं साताऱ्याहून आली होती आणि इस्लामपूरच्या स्टँडवरून तिला आणायला आमचा ड्रायव्हर नियाज फियाट घेऊन गेला होता. गाडी अंगणात शिरली, आत्ती उतरली, सलग शिंकली आणि काकीला म्हणाली,

"लीला, भाकरी झाली का गं? कराडच्या स्टँडवर खाऊन निगाले हुते, पर ह्या गाडीत बसल्यापासनं कशी लय भूक लागलीया."

लीलाकाकी उत्तर देणार इतक्यात आप्पांनी गाडीच्या खिडकीत डोकं घातलं.

"इंजिन चालू, आन दिवाबी चालू! नियाज, किल्ली हिकडं."

आता हा दिवा काय प्रकार आहे, ते सांगतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. चांगल्या घरातल्या दिव्यानं असंच वागायचं असतं. इंजिन सुरू असतानाही तो विझला नाही, तर इंजिनाला तेल पोचत नाही असा त्याचा अर्थ, आणि तशीच गाडी दामटली तर इंजिन जाम. मग ती गाडी बैलांनी ओढायची.

नियाजनं किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली. "आप्पा, काल सांजच्याला मी तेल बगितलंय. तेल मोजायच्या काडीला वरच्या खुणंपातूर हुतं."

"काडी खोटं बोलत न्हाई, तेल बोलतं! चांगलं तेल काढून हलकं भरलं तर काडीला काय कळनार? तेल भरतो कोन? तू. गाडी धुतो कोन? तू. मग चोर कोन?"

नियाज काही बोलला नाही. एरवी तो बोलायला लागला की गाडीचा हॉर्न वाजवून थांबवावा लागतो. आज त्यानं नुसती मान खाली घातली.

वेळही वाईट होती. दुसऱ्याच दिवशी सांगलीहून अख्तरबी यायच्या होत्या. त्यांच्या मुलीशी, रशीदाशी, नियाजचं लग्न ठरत आलं होतं. अख्तरबींची अट एकच: पोरगा फियाट चालवतो म्हणतो, तर त्यानं त्याच फियाटमधून मला न्यावं, मी डोळ्यांनी बघेन. कारण आधीच्या एका स्थळानं आपला ट्रक आहे असं सांगितलं होतं. ट्रक खरंच होता. स्थळ त्याच्यावर क्लीनर होतं.

"उद्या सकाळी इंजिन सुरू करीन," आप्पा म्हणाले. "दिवा इजला तर किल्ली तुझी. न्हाई इजला तर एस्टीनं सांगलीला जा आन अख्तरबीला सांग, मी ड्रायव्हर हुतो म्हनून."

आत्ती ओट्यावर टेकली आणि भावाकडं निरखून बघत म्हणाली,

"आप्पा, उजव्या डोळ्याला काय झालं रं?"

आप्पांचा उजवा डोळा लालभडक झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं.

"राग," आप्पा म्हणाले.

"रागानं एकच डोळा लाल हुतो व्हय?"

"माझा हुतो," असं म्हणून आप्पा किल्लीसकट घरात गेले.

२. दुखणं शनिवारी, डॉक्टर गुरुवारी

बनुआत्तीची साताऱ्यात विद्यार्थ्यांची खानावळ होती. तिच्याकडं जेवून गेलेल्यांतले काही आज वकील आहेत, काही फौजदार, आणि त्यांच्यापैकी कुणीही तिच्याकडून जादाची पोळी पळवू शकलेलं नाही. एकदा तुपाचं भांडं रिकामं झालं. आत्तीनं कुणाची पेटी उघडली नाही, कुणाला दरडावलं नाही. फक्त वाढत राहिली. पंक्तीत सगळ्यांनी तूप मागितलं, एकानं मागितलं नाही. आत्तीनं त्याच्या पानात भात वाढला आणि हळूच म्हणाली, "बाळ, पोट भरलं असंल, तर भांडं परत ठीव."

मला ही गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली होती, की गाडीचा दिवा हे प्रकरण तिच्याकडं सोपवायला मला फारसा विचार करावा लागला नाही. शिवाय माझ्या हातून ते होत नव्हतं. मी, कृष्णात, आप्पांचा पुतण्या, कराडला इंजिनिअरिंगला होतो. पहिल्या वर्षाशी माझे संबंध इतके घट्ट जुळले होते, की ते वर्ष मला सोडायला तयार नव्हतं.

"तू काय काय केलंस रं?" आत्तीनं भाकरी मोडत विचारलं.

"तेल बदललं. नवं तेल माझ्या डोळ्यांदेखत भरलं. तरी पुढच्या शनिवारी दिवा लागला."

"म्हंजे तेल न्हाई. मग?"

"मग दिव्याचा बल्ब काढला. दिवा बंद झाला. तर आप्पा म्हणाले, रोग्याच्या तोंडात बोळा कोंबला म्हंजे खोकला बरा झाला का? मग बल्ब परत बसवला."

"बरोबर बोलला त्यो. मिस्त्री काय म्हनला?"

"मिस्त्रीकडं गुरुवारी नेली. त्याच्या दारात गेलो तर दिवा विझलेला. मिस्त्री म्हणाला, काहीच दिसत नाही, त्याअर्थी आजार फार आत आहे, इंजिन खोलावं लागेल."

"गुरुवारी कशापायी नेली? दिवा तर आज लागलाय."

"शनिवारी त्याचं गॅरेज बंद असतं. मारुतीचा उपास असतो त्याचा."

आत्तीनं घास हातातच धरला. "दुखतंय शनिवारी आन डाक्टरकडं गुरुवारी. बरं, ह्यो दिवा दर शनिवारी लागतो?"

मी कधी असा विचार केला नव्हता. केला तेव्हा अंगावर काटा आला. शनिवारी दिवा लागायचा. रविवारी, सोमवारी तो ठणठणीत जळत असायचा. मंगळवारी लुकलुकायचा. बुधवार-गुरुवारपर्यंत आपोआप विझायचा. शुक्रवारी आम्ही देवाचे, म्हणजे आप्पांच्या घरात विज्ञानाचे, आभार मानायचो, आणि शनिवारी तो परत हजर.

"गाडी आली तवापासनं हे चाललंय?"

"नाही. गाडी दिवाळीला आली. पौषापर्यंत काहीच नव्हतं. नंतर सुरू झालं."

आत्तीनं घास तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाली,

"कृष्णात, तेलाला वार कळतो का रं?"

"नाही."

"इंजिनाला?"

"नाही."

"मग ज्येला वार कळतो, आसं कोनतरी ह्या गाडीच्या पोटात जातंय."

३. जबान्या

आधी गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

गावात आलेली ही पहिली फियाट. ती आली त्या दिवशी लीलाकाकी ओवाळायचं ताट आणि नारळ घेऊन बाहेर आली. आप्पांनी तिला हातानं थांबवलं आणि सगळ्या गावासमोर जाहीर केलं, "यंत्राला नारळ नको, ग्रीस पाहिजे!" आप्पा गावच्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाचे सभासद दोन: आप्पा आणि मी. गाडीला हार घालायचा नाही, लिंबू बांधायचं नाही, काळं काही लावायचं नाही, असा ठराव तिथंच बॉनेटवर हात आपटून पास झाला. नारळाची त्या दिवशी चटणी केली. आजही संध्याकाळी आप्पांचं कराडला भाषण होतं, विषय 'अंधश्रद्धा: एक राष्ट्रीय रोग'. गाडीला दिवा लागल्यामुळं तिथं कसं जायचं, हा त्या रोगाहून मोठा प्रश्न होता.

आत्ती पहिल्यांदा चुलीपाशी गेली.

"लीला, ह्या घरात सध्या काय काय कमी हुतंय गं?"

लीलाकाकीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ती भडाभडा बोलू लागली. "काय न्हाई कमी हुत म्हना, वन्सं! दही मांजर खातंय. गूळ आमचा सयाजी खातोय. परसातल्या झाडाची लिंबं लोणच्याला ठेवली, ती कोन खातंय देव जाणे. तुमच्या भावाला तर आंबट चालत न्हाई, घशात जळजळतंय. आन नातेवाईक येतात ते..."

"गाडीचं झाकण कवा उघडलंयस का?"

भाकरी तव्यावर करपली. "मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"कळतं का आसं इचारलं न्हाई. उघडलं का आसं इचारलं."

काकी म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली. म्हैस त्या वेळी रानात होती.

मग सयाजीमामा. हा काकीचा भाऊ, फौजेतून पेन्शनवर आलेला. त्याला ही गाडी पहिल्यापासून पसंत नव्हती.

"मी भावजीला म्हनलं हुतं, जीप घ्या. ही सिव्हिलियन गाडी हाय, आत्ती! हिच्यात बसलं की शिंका येतात. परवाच्या शनिवारी सांगलीला निगालो, तर आष्ट्याच्या आत समद्या गाडीचं नाक गळायला लागलं. आन भूक! आष्ट्यात भजी खाल्ल्याबिगर ही गाडी फुडं जातच न्हाई."

"शिंका रोज येतात?"

"शनिवारी जास्त. आमी उसाच्या धुळीवर घातलंय."

"शनिवारी ऊस जास्त धूळ सोडतो व्हय? बरं, तू गाडीला कवा हात लावलास?"

"म्या? छ्या! गाडी पाडायची असती तर फौजेत शिकवलंय मला, सुरुंग लावला असता," असं म्हणून सयाजीमामानं विडी उलटी पेटवली.

शेवटी नियाज. तो बोरीच्या झाडाखाली, आधीच स्वच्छ असलेली गाडी पुसत होता. काच पुसून झाली होती, टायर पुसून झाले होते, आता तो नंबर प्लेटवरचे आकडे एकेक करून पुसत होता.

"नियाज, तुला चोर म्हनलं आन तू गप का बसलास रं?" आत्तीनं थेट विचारलं. "तेल चोरलंस?"

"तेलाचा थेंब न्हाई चोरला, आत्ती. अब्बाची शपथ."

"मग मान का खाली?"

नियाजनं फडका पिळला. त्यातून काही निघालं नाही, कारण तो कोरडा होता.

"आत्ती," तो शेवटी म्हणाला, "चोरी न्हाई केली. पर दिवा माज्यामुळंच लागतोय. हे मी केलंय."

४. तीन गुन्हेगार

"काय केलंयस?" मी विचारलं.

नियाज गाडीत शिरला, डॅशबोर्डच्या खाली हात घातला आणि बरोबर लाल दिव्याच्या पाठीमागून हिरव्या दोऱ्यानं बांधलेला एक ताईत बाहेर काढला.

"मिरजेच्या दर्ग्यातला हाय. गाडी आली तवा आप्पांनी काय बांधू दिलं न्हाई. मला रातीची झोप लागंना. पयली गाडी, समद्या गावाची नजर, आन चालवनार मी. म्हनून गपचिप बांधला. दिव्याच्या वायरीला कायतरी झालं आसंल माज्या हातनं. आप्पांना कसं सांगू?"

"अगं आई!" मागून आवाज आला. लीलाकाकी पाण्याची बादली घेऊन उभी होती. म्हणजे म्हैस सापडली नव्हती. "मग माझ्या पुडीनं न्हवं ना झालं?"

काकीनं बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीच्या आडोशाला हात घालून तांबड्या कापडाची एक पुडी काढली. सुती नाड्यानं गच्च बांधलेली. "औंधाच्या यमाईचं कुंकू हाय. नारळ फोडू दिला न्हाई त्या मानसानं. मग मी तरी काय करायचं?"

आत्तीनं फक्त, विडी ओढत तिथं आलेल्या सयाजीमामाकडं बघितलं. मामानं विडी टाकली, छाती पुढं काढली, गाडीच्या मागं जाऊन उताणा झाला आणि सरपटत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सुतळीनं बांधलेली काळी बाहुली होती.

"तुला तर गाडी आवडत न्हवती," मी म्हणालो.

"आवडत न्हाई म्हंजे नजर लागू द्यायची व्हय रं? घरची गाडी हाय!"

अशा रीतीनं विज्ञान मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीतून एक ताईत, एक कुंकवाची पुडी आणि एक बाहुली निघाली. तिन्ही वस्तू ओट्यावर ओळीनं मांडल्या. आम्ही सगळे हलके झालो. नियाज तर हसला. आप्पांकडून किल्ली मागून आणायला मी घरात गेलो. ते आतल्या खोलीत भाषणाची तालीम करत होते. "मित्रांनो, भीती हीच खरी भानामती!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं न बघताच किल्ली फेकली.

नियाजनं गाडी सुरू केली.

इंजिन घुमलं. आम्ही चौघांनी खिडकीत डोकी घातली.

तीन गुन्हेगारांनी कबुली दिली होती, आणि लाल दिवा आमच्याकडं बघत ढणढणत होता.

५. मऊ

नियाजनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काकी डोळे पुसू लागली. फक्त आत्ती निवांत होती.

"रडू नगा. हे व्हनारच हुतं. ह्या तिन्ही वस्तू गाडी आली तवाच बांधल्या न्हवं? मग दिवाळीपासनं दिवा लागाया पायजे हुता. दिवा पौषानंतर लागाया लागला. आन ह्या वस्तू जाग्यावरनं हलल्या न्हाईत. मग त्येंना शनिवार-गुरुवार कसा कळंल? कृष्णात, तू शिकलेला हाईस. त्यो दिवा नुसता बल्ब हाय का त्येला शेपूट हाय?"

शेपूट! पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं एक पान माझ्या डोळ्यांपुढं आलं. ते पान मला चांगलं पाठ होतं, इतर पानांपेक्षा जास्त वेळा वाचून.

"आहे! दिव्यापासून एक वायर खाली इंजिनापर्यंत जाते. तिथं इंजिनाच्या कुशीत एक छोटं बटण असतं. तेलाचा दाब कमी झाला, तर ते बटण आतल्या आत वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडतं. की दिवा लागला."

"आन तेल बरोबर आसताना कुनी बाहेरनंच ती वायर लोखंडाला चिकटवली तर?"

मी आ वासला. "तरी लागेल. दिव्याला काय, कुणी का जोडेना!"

"बटण बगितलंस?"

नव्हतं बघितलं. ते हवेच्या फिल्टरच्या मोठ्या डब्याखाली, धुराड्याच्या पाइपाला लागून होतं. गाडी चालून आल्यावर तिथं हात भाजायचा, म्हणून नियाजही कधी तिथं जायचा नाही. आता इंजिन थोडं निवलं होतं. मी बाही वर केली, डब्याखालून हात घातला आणि वायरीचं टोक चाचपत गेलो. लोखंड लागलं. पितळ लागलं. आणि मग बोटांना काहीतरी मऊ लागलं. मऊ, गरम आणि ओलसर.

इंजिनात मऊ काही नसतं, एवढं पहिल्या वर्षातसुद्धा शिकवतात.

"आत्ती," मी हात तसाच ठेवून म्हणालो, "इथं काहीतरी जिवंत आहे."

"काढू नगंस!" आत्ती उठून उभी राहिली. "तितं काय हाय आन कुनी ठेवलंय, ते मी आदी सांगते. मग काढ. लीला, आप्पाला बोलवून आन. म्हनावं, भाषण हितंच हाय."

६. आत्तीनं वाढलेलं पान

आप्पा आले. भाषणाचे कागद हातात, धोतराला कडक इस्त्री, उजवा डोळा अजून तांबडा. ओट्यावर मांडलेल्या वस्तू बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "माझ्या गाडीत? ह्या युगात?"

"बस आप्पा," आत्ती म्हणाली. "सकाळी मी गाडीतनं उतरले तवा शिंकत हुते आन पोटात कावळे वरडत हुते. सयाजी म्हनतो, शनिवारी समद्यांचं तसंच हुतं. तीस वर्सं चुलीम्होरं काढल्यात मी. शिंक आन भूक एकत्र कशानं येती, सांगू? हिरवी मिरची भाजल्यावर. म्हंजे इंजिनाच्या गरम पाइपाला लागून मिरच्या हाईत आन दर शनिवारी त्या ताज्या असतात."

"मिरच्या?" सयाजीमामा म्हणाला. "म्हंजे आमी इतके दिस ठेच्याच्या वासावर भजी खात हुतो?"

"परसातली लिंबं कमी हुतात. मिरच्या आन लिंबू, दर शनिवारी ताजं. आता ह्ये काय असतं, ते शेंबड्या पोरालाबी इचारा. पर बांधलं कुनी? ती जागा अशी, की इंजिन गार असतानाच हात जातोय. म्हंजे उजाडायच्या आत. नियाज येतो सा वाजता आन लगेच गाडी सुरू करतो. सयाजीला उन्हं तोंडावर आल्याबिगर जाग येत न्हाई. लीलाच्या हातात तवा म्हशीची धार असती. उजाडायच्या आत अंगणात फिरतो कोन?"

आप्पा रोज पहाटे प्रकृतीसाठी फिरायला जायचे.

"आन मिरच्या दोऱ्यात नायतर तारंत ओवल्या आन त्योच हात डोळ्याला लागला," आत्ती म्हणाली, "तर एकच डोळा लाल हुतो. रागानं दोनी हुतात."

आप्पांनी कागद तोंडापुढं धरला.

"खोटं आसंल तर हात दे, वास घिते."

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. कागद खाली पडले. सगळ्यात वरच्या कागदावर लिहिलं होतं: 'मित्रांनो, भीती हीच खरी भानामती.'

"काढ रं कृष्णात," आत्ती म्हणाली.

मी ओढलं. बाहेर आलं ते एक पिवळंधमक लिंबू आणि खरपूस भाजलेल्या मिरच्या, लोखंडी तारेत नीट ओवलेल्या. तार आप्पांच्याच द्राक्षाच्या मांडवाची होती.

"तार का, आप्पा?" मी विचारलं. मला तेवढाच एक तांत्रिक प्रश्न सुचला.

आप्पांनी कंठ साफ केला, भाषणाआधी करतात तसा.

"आदी दोऱ्यात बांधत हुतो. इंजिनाच्या गर्मीनं दोरा जळला आन लिंबू पेठ नाक्यावर भर रस्त्यात पडलं. मंडळाच्या अध्यक्षाच्या गाडीतनं! म्हनून पौषापासनं तार वापराया लागलो. पक्की."

सगळा उलगडा झाला. ताजं लिंबू जड. त्याच्या वजनानं तार खाली वाकायची आणि बटणाच्या पितळेवर टेकायची. तारेचं दुसरं टोक इंजिनाला बांधलेलं. वायर लोखंडाला जोडली गेली, दिवा लागला. दिवस जातील तसं गरमीनं लिंबू वाळायचं, हलकं व्हायचं, तार वर उठायची आणि गुरुवारपर्यंत दिवा विझायचा. मग शनिवारी पहाटे पुन्हा ताजं लिंबू.

"आन दिवा लागला की तुमी काय करत हुता, भावजी?" सयाजीमामानं विचारलं.

"चोरीचा संशय आजचाच. तवर वाटायचं, नजर लईच कडक हाय," आप्पा पुटपुटले. "म्हनून फुडच्या शनिवारी मोठं लिंबू घ्यायचो."

पहिल्यांदा काकी हसली. मग सयाजीमामा. मग नियाज हसला आणि मालकापुढं हसतोय हे लक्षात येऊन त्यानं तोंडात फडका कोंबला. आप्पा काही वेळ छातीवर हात बांधून उभे राहिले. मग त्यांच्याही पोटाचा घेर हलायला लागला.

"सुरू कर," ते नियाजला म्हणाले.

किल्ली फिरली, दिवा लागला. इंजिन घुमलं आणि दिवा विझला. शनिवार असूनही विझला.

आप्पा खिडकीपाशी गेले. "नियाज."

"जी, आप्पा."

"तेल चांगलं हाय."

"व्हय, आप्पा."

"मानूसबी," आप्पा म्हणाले आणि भाषणाचे कागद गोळा करायला वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत. आत्ती मला म्हणाली, "बघ, तुपाचं भांडं परत ठेवलं त्येनं."

७. अख्तरबींची परीक्षा

कराडचं भाषण उत्तम झालं. आप्पांनी फक्त सुरुवातीचं वाक्य गाळलं.

रविवारी नियाज सयाजीमामासोबत सांगलीला जाऊन अख्तरबींना घेऊन आला. सोबत रशीदाही होती, पण ती वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती आणि नियाज समोरच्या आरशातून मागं, असं सयाजीमामानं नंतर सांगितलं. आष्ट्याला कुणीही भजी मागितली नाहीत. कुणी शिंकलंही नाही.

अख्तरबी उतरल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. मग दार उघडून ड्रायव्हरच्या जागेजवळ वाकल्या.

"वाटंत लाल दिवा कवा लागला न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या गाडीला लागायचा, लय वाईट असतोय. पोरगा गाडी नीट ठेवतो."

नियाजनं श्वास सोडला. आत्तीनं चहाचा ट्रे पुढं केला. एवढ्यात अख्तरबी गाडीच्या पुढं गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्ये काय? एवढी देखनी गाडी आन पुढं काय बांधलं न्हाई? उद्या ह्याच गाडीत माझी रशीदा बसनार. समद्या रस्त्याची नजर हिच्यावर!"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. सांगलीच्या बाजारातून तयारीनंच आल्या होत्या. एक लिंबू, खाली मिरच्या. बंपरला गाठ मारली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

आम्ही सगळे आप्पांकडं बघत होतो. ठराव होता. मंडळ होतं. सबंध गाव साक्षीला होता.

आप्पा गंभीर झाले. "मी व्यक्तिशः हे मानत न्हाई," ते म्हणाले. "पर पाव्हण्यांचं मन मोडणं अवैज्ञानिक हाय."

मग ते सावकाश बंपरपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि गाठीला बोट लावून नीट तपासलं.

"दोराच हाय," ते समाधानानं म्हणाले. "तार न्हाई."